कारंजी पुन्हा झोपली: लॉनच्या स्प्रिंकलरला प्रेशर का मिळत नाही

होळी झाली की आमच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. सकाळी चहाचा कप घेऊन अण्णा व्हरांड्यात येतात, लॉनकडे बघतात आणि आत हाक मारतात, "सूनबाई, कारंजी झोपली गं."

अण्णा म्हणजे माझे सासरे. कारंजी म्हणजे लॉनमधले पॉप-अप स्प्रिंकलर, पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणारे फवारे. पाणी बंद नसतं. येतं, पण पंधरा फुटांवर पडायचं ते दहा-अकरा फुटांवरच पडतं. एखादा फवारा अर्धाच वर येऊन बुडबुड करत बसतो, आणि आठवड्याभरात दोन फवाऱ्यांच्या मधलं गवत पिवळं पडायला लागतं. सलग चार उन्हाळे हे झालं. लक्षण दर वेळी तेच, कारण दर वेळी वेगळं. पहिल्या वर्षी मी पैसे घालवले, पुढच्या तीन वर्षांत फारसे लागले नाहीत. कारण मधल्या काळात मी एक प्रेशर गेज विकत घेतला.

घर इंदूरला, राजेंद्रनगरात. पाण्याची व्यवस्था आपल्याकडे बहुतेक घरांत असते तशीच: पिण्याला नर्मदा, बाकीच्याला बोरिंग. बोरिंगचं पाणी अंगणातल्या हौदात पडतं, हौदावर एक एचपीची मोनोब्लॉक मोटर, तिच्यापुढे जाळीचा फिल्टर, तिथून पाऊण इंची पीव्हीसी पाइप लॉनकडे. हौद ते लॉनचं शेवटचं टोक साधारण वीस मीटर.

लॉनला नर्मदेचं पाणी घालू नये, हे माझं ठाम मत. १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर-एक किलोमीटर पाइपातून, शेकडो मीटर चढून येतं, आणि पुष्कळ वस्त्यांना एक दिवसाआड मिळतं. ते गवतावर उडवायला हात धजत नाही. शिवाय नळाच्या लाइनीवर थेट मोटर लावणं नियमाबाहेरचं तर आहेच, पण त्या ओढीनं एखाद्या सैल जोडातून आजूबाजूच्या गटाराचं पाणीही लाइनीत शिरू शकतं. तेव्हा पुढचं सगळं हौद आणि मोटर असलेल्यांसाठी.

गच्चीवरच्या टाकीवर पॉप-अप चालवू पाहणाऱ्यांना एवढंच सांगते की तुमच्याकडे बिघाड नाही, हिशेबच बसत नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो). दुमजली घराची टाकी सात-आठ मीटरवर, म्हणजे पाऊण किलो. साध्या पॉप-अपला नीट उडायला दोन किलोच्या आसपास लागतं, गोल फिरणाऱ्या रोटरला तीन. टाकीवर ठिबक चालेल, कारंजी नाही.

पहिला उन्हाळा: मोठ्या मोटरीचा मोह

पहिल्या वर्षी प्लंबरला बोलावलं. त्यानं मोटरीकडे पाहिलं, लॉनकडे पाहिलं, आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं, "भाभीजी, मोटर छोटी पड़ रही है. डेढ़ की लगवा लो." आम्ही लावली. फवारे दोन फूट पुढे गेले, अण्णा खूश. पण पिवळे पट्टे काही गेले नाहीत, फक्त जरा बारीक झाले.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि जे निघालं ते आधी कुणीच पाहिलं नव्हतं. आमचं लॉन मुळात तीस बाय पंधरा फुटांचं. फवारे सहा: चार कोपऱ्यांवर पाव गोलाचे, दोन लांब बाजूंच्या मध्यावर अर्ध्या गोलाचे. पंधरा फुटी नोझल (फवाऱ्याचं तोंड) दोन किलोच्या दाबावर मिनिटाला किती पाणी घेतो हे ठरलेलं असतं: पाव गोलाचा साधारण साडेतीन लिटर, अर्ध्याचा सात, पूर्ण गोलाचा चौदा. म्हणजे चार पाव चौदा, दोन अर्धे चौदा, एकूण अठ्ठावीस. एक एचपीच्या मोटरीला हे झेपत होतं.

पुढे अण्णांनी बाजूची फरशी काढून लॉन तीस बाय तीस केलं आणि तीन फवारे वाढवले. सहाचे नऊ. दीडपट झाले असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण एक ओळ वाढली की जुनी कडेची ओळ मधली होते. तिच्यातले पावाचे अर्धे करावे लागतात आणि अर्ध्याचा पूर्ण. आता मांडा: चार कोपरे चौदा, चार बाजूंचे अर्धे अठ्ठावीस, मधला पूर्ण चौदा. छप्पन्न. तीन फवारे वाढले आणि पाणी दुप्पट लागायला लागलं.

त्यात पाइप तोच, पाऊण इंची. मिनिटाला अठ्ठावीस लिटर जाताना वीस मीटरच्या पाइपात साधारण दोन मीटर दाब घासून जातो. छप्पन्न न्यायचे म्हटलं तर सात मीटरच्या वर, म्हणजे पाऊण किलो वाटेतच संपला. पाण्याचा प्रवाह दुप्पट केला की घासणी दुप्पट होत नाही, साडेतीन पटीच्या पुढे जाते. मोठी मोटर या घासणीशीच भांडत बसली होती, आणि विजेचं बिल आम्ही भरत होतो.

उपाय प्लंबरच्या निदानापेक्षा फारच स्वस्त निघाला. सगळे फवारे एकदम चालवायचेच नाहीत. मधली ओळ घ्या: अर्धा, पूर्ण, अर्धा, म्हणजे सात, चौदा, सात. अठ्ठावीस. कडेच्या दोन ओळी मिळून: पाव, अर्धा, पाव, दोनदा. पुन्हा अठ्ठावीस! मधल्या ओळीला एक बॉल वॉल्व, कडेच्या दोन ओळींना दुसरा. सियागंज बाजारातून दोन वॉल्व, थोडा पाइप, चार एल्बो, दोन टी आणि पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटची डबी आणली, एका रविवारी चर खणली. आधी एक लाइन दहा मिनिटं, मग दुसरी दहा मिनिटं. सगळं मिळून साडेपाचशे-एक लिटर पाणी.

गंमत अशी की वॉल्व बसवल्यावर दीड एचपीची मोटर जास्त झाली. गेजचा काटा साडेतीनकडे गेला आणि फवाऱ्याचं धुकं व्हायला लागलं. दाब फार झाला की थेंब बारीक होतात आणि वारा ते शेजारच्यांच्या ओसरीवर नेतो. काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी वाळत घातलेले पापड दाखवायला आल्या. माळ्यावर ठेवलेली जुनी मोटर खाली उतरवली. तिच्यावर काटा २.४ वर स्थिर. तोच आमचा चांगल्या दिवसाचा आकडा. मोटरीशेजारच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलाय.

गेज कसा वाचायचा

चार किलोपर्यंतचा, ग्लिसरीन भरलेला गेज घ्या. साध्या गेजचा काटा मोटरीच्या थरथरीनं नाचतो आणि काही दिवसांत खिळखिळा होतो. तो मोटरीनंतर आणि फिल्टरच्या आधी बसवा. जागा महत्त्वाची आहे, कारण पुढची सगळी अक्कल त्या जागेवर अवलंबून आहे.

फवारे मंद आणि काटा नेहमीपेक्षा वर असेल, तर मोटर बिचारी ढकलतेय, पुढे काहीतरी अडलंय. फवारे मंद आणि काटाही खाली असेल, तर एक तर मोटरीला पाणी नीट मिळत नाही, किंवा पुढे पाणी भलतीकडे निसटतंय. या दोहोंतलं कुठलं, ते कळायला लॉनकडचे दोन्ही वॉल्व क्षणभर बंद करा. काटा झटकन वर गेला तर मोटर ठणठणीत आहे, गळती पुढे शोधा. काटा जागचा हलेना, तर मोटर आणि तिच्या मागचं बघा.

हे करताना तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वॉल्व बंद ठेवू नका. घरगुती छोट्या मोटरींवर पुढचं तोंड बंद केलं की भार कमी होत नाही, उलट वाढतो. मोटर तापते.

दुसरा उन्हाळा: काटा वर, फवारा खाली

होळीनंतर अण्णांची हाक आली, मी गेज पाहिला: ३.०. म्हणजे अडथळा. फिल्टर उघडला तर जाळीवर बारीक वाळू आणि पिवळसर गाळाचा लेप. उन्हाळ्यात बोरिंगची पातळी खाली जाते आणि मोटर तळाजवळचं पाणी ओढते, त्यात हे येतं. जाळी ब्रशनं धुतली, काटा २.७ वर आला. उरलेलं नोझलमध्ये होतं.

माळव्याच्या काळ्या दगडातलं बोरिंगचं पाणी जड. बादलीच्या कडेला, गीझरमध्ये जो पांढरा थर दिसतो तोच नोझलच्या बारीक चिरेत बसतो. उन्हात नोझल तापतो, शेवटचा थेंब सुकतो, क्षार मागे राहतो. असे रोज थोडे.

पॉप-अप वर ओढून धरायचा (एक जण धरायला लागतोच, आमच्याकडे नातू), वरचा नोझल आट्यांवरून सोडवायचा. त्याच्या खाली दंडगोल जाळी असते. ही दुसरी जाळी असते हे पुष्कळांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं. सगळे नोझल आणि जाळ्या लिंबाच्या फुलाच्या पाण्यात रात्रभर: लिटरभर कोमट पाण्याला दोन मोठे चमचे. सकाळी जुन्या टूथब्रशनं घासायचं. टाचणी, सुई, तार काही घालायचं नाही. भोक किंचित मोठं झालं की त्या नोझलचं पाणी आणि फेक कायमची बिघडते, आणि बाकीच्यांचा वाटा तो खातो.

नोझल परत लावण्याआधी तोंडं उघडीच ठेवून मोटर मिनिटभर चालवा. पाइपात साठलेलं बाहेर येईल. आमच्याकडे शेवटच्या फवाऱ्यातून मेलेल्या गोगलगाईचं शिंपलं निघालं. मग नोझल लावताना मोटरीकडून सुरुवात करून शेवटचा सगळ्यात शेवटी. त्या वर्षी काटा परत २.४. आता माघात एकदा, चैत्रात एकदा हे करते.

तिसरा उन्हाळा: मोटर हवा घेते

या वेळी काटा १.३ वर, तोही लटपटत. फवाऱ्यातून पाणी फुस्स-फुस्स करत, मध्येच थुंकल्यासारखं. वॉल्व बंद करून पाहिले, काटा वर जाईना. म्हणजे मागे.

पहिला संशय फूट वॉल्ववर (हौदातल्या पाइपाच्या टोकाचा, पाणी परत खाली न जाऊ देणारा वॉल्व) गेला, कारण रोज सकाळी मोटरीत पाणी भरावं लागत होतं. फूट वॉल्व काढून साफ केला, त्याची रबराची गादी चिंबलेली होती, बदलली. भरण्याचा त्रास गेला. फुसफुस राहिली.

आता हे लक्षात घ्या: हौद भरलेला असतो तेव्हा मोटरीला पाणी फार ओढावं लागत नाही. हौद अर्धा झाला की ओढ वाढते, आणि आतल्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब होतो. जो जोड भरल्या हौदावर मुकाट असतो तोच रिकाम्या हौदावर हवा आत घेतो. पाण्याचा एक थेंबही बाहेर येत नाही, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. पावसाळ्यात सगळं ठीक आणि उन्हाळ्यात बिघाड, याचं आमच्याकडचं कारण हेच निघालं.

शोधायची युक्ती सासूबाईंची. कणीक जरा सैल मळून एकेका जोडाभोवती थापायची आणि मोटरीचा आवाज ऐकायचा. तिसऱ्या जोडावर कणीक लागताच खडखड थांबली, काटा वर चढला. मोटरीच्या तोंडाशी बसवलेला आट्यांचा जोड होता, टेफ्लॉन टेप निघाली होती. जोड उघडला, आट्या पुसल्या, नवी टेप आट्यांच्या दिशेनं बारा-पंधरा वेढे, पुन्हा बसवला. खर्च टेपचा, अधिक वाटीभर कणीक.

इथेच विजेचं पटकन सांगून टाकते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० ऐवजी १९० आले तर जोर दोन-तृतीयांशाच्या आसपास राहतो. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू असताना लॉनला पाणी घालाल तर फवारे झोपणारच. पहाटे पाच-सहाला घाला. तेव्हा वाराही पडलेला असतो आणि पाणीही कमी उडतं. मोटर नुसती गुणगुणते आणि सुरू व्हायला वेळ घेते, तर कपॅसिटर बघा, पण ते काम इलेक्ट्रिशियनचं. ओल्या अंगणात उघड्या तारांशी खेळू नका.

हे सगळं करूनही काटा खालीच राहिला, तर मोटरीचा पंखा झिजलाय. या छोट्या मोटरींत पितळी पंखा आणि घर यांच्यातली फट अगदी कमी असते, वाळूनं ती वाढते. पंखा बदलून मिळतो.

चौथा उन्हाळा: काळी माती

गेल्या वर्षी कडेच्या ओळींवर काटा २.४, मधल्या ओळीवर १.२. दोन वॉल्व केल्याचा हा अनपेक्षित फायदा: बिघाड निम्म्या अंगणात कोंडला गेला. मधल्या ओळीचा वॉल्व बंद केला, काटा उसळला. गळती, मधल्या लाइनीत.

गळतीची जागा सापडायला मात्र तीन दिवस गेले. ओलं कुठेच दिसेना. मी चप्पल काढून सबंध लॉन तुडवलं, कुठे पाय रुततो का बघत. रुतेना. शेवटी अण्णांनीच सांगितलं, "भेगांत बघ." काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, मोठ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेला पाइप दर वर्षी ओढला आणि ढकलला जातो, आणि सॉल्व्हंटनं चिकटवलेला एखादा जोड सुटतो. पाणी वर येण्याऐवजी भेगेतून सरळ खाली जातं. म्हणून गवत कोरडं, आणि दोन फूट खाली चिखल. एका भेगेत सळई घातली, ओली निघाली.

खणलं तर एक टी तिरकी होऊन निसटलेली. पाइप कापला, नवी टी बसवली, सॉल्व्हंट लावल्यावर दिवसभर पाणी सोडलं नाही. सॉल्व्हंटची घाई केलेले जोड पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खणावे लागतात. बुजवताना मात्र काळी माती परत घातली नाही. पाइपाखाली आणि वर वीतभर वाळू, मग माती. मातीला हलायला जागा मिळते आणि पाइपावर ताण येत नाही. आता जिथे म्हणून खणावं लागेल तिथे हेच करते. सगळी लाइन एकदम उकरण्याचा उत्साह माझ्यात नाही.

ज्यांच्याकडे टायमर आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) वॉल्व आहेत त्यांनी एकच ओळ मंद असेल तर खणण्याआधी त्या वॉल्वचं झाकण उघडून रबराचा पडदा बघावा. वाळूचा एक खडा पडदा पूर्ण उचलू देत नाही. गेट वॉल्ववरही विश्वास ठेवू नका: चाक फिरतं, आतली पट्टी तुटून मध्येच अडकलेली असते. आमच्याकडे बॉल वॉल्व असल्यानं हे दोन्ही प्रकार मी फक्त शेजाऱ्यांकडे पाहिले.

या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. मी गेजपाशी गेले. दोन्ही ओळींवर २.४, जरा वरच. अण्णांना काटा दाखवला. ते म्हणाले, "काटा तुझा, डोळे माझे. तो कोपरा बघ." कोपऱ्यातला एकच फवारा खरंच आखूड उडत होता. नोझलच्या डोक्यावर एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की फेक कमी होते. चालण्याच्या वाटेवर पाणी येतं म्हणून माळीबुवांनी तो पिळून ठेवला होता. दीड फेरा उलटा फिरवला, फवारा आपल्या जागेवर गेला, वाटही ओली झाली. माळीबुवा नाराज आहेत. स्क्रूड्रायव्हर सध्या माझ्या कपाटात आहे.